ईटला न पोचलेली ‘किलबिल’

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

दसरा आणि गांधी जयंती यंदा एकाच दिवशी. सकाळपासून सोनं द्यायला पोरं येत होती. सप्टेंबरच्या पावसानं भूम-परंड्याकडं सोयाबीनचा पार चिखल केला, त्यामुळं कुणाच्या तोंडावर सणाची कळा नाही. तरी आपट्याचं पान हातात ठेवून पाया पडायला कुणी चुकलं नाही.

आजच्याच तारखेला १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं. मी तेव्हा दहा वर्षांचा आणि इथंच, ईटला होतो. तो दुष्काळ कसा होता हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. विहिरींचे तळ दिसत होते. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरी मिलोची तांबडी भाकरी असायची. त्याच महिन्यात मुंबईत माणसांची चित्रं हवेतून घराघरात यायला लागली होती. ही बातमी आमच्या कानावर यायलाही बराच काळ गेला.

बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं एक काम आज हाती घेतो. ‘किलबिल’ नावाचा मुलांचा कार्यक्रम सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर असे. टीव्हीवर मराठी मुलांसाठी मराठीतून जे अगदी सुरुवातीला झालं, त्यातला हा. ‘गजरा’ची आणि ‘चिमणराव’ची आठवण मोठी माणसं अजून काढतात, त्यांच्यावर लेख येतात. ‘किलबिल’चं नाव काढलं की साठीतली माणसं हसतात, ‘हो, होता की’ म्हणतात आणि गप्प होतात. पहिली ते चौथीच्या पोरांपुढं उभा जन्म काढलेल्या माणसाला हे गप्प होणं सोसत नाही. मुलांसाठी मनापासून केलेली गोष्ट इतकी सहज कशी नाहीशी होते, आणि झाल्यावर मागं काय राहतं, ते या वहीत लिहीन. नियम एकच ठेवतो: स्वतः पाहिलेलं एका रकान्यात, ऐकलेलं दुसऱ्या.

५ ऑक्टोबर, रविवार

नातवाचा प्रश्न: ‘आजोबा, मुंबईचा कार्यक्रम इथं का दिसत नव्हता?’ त्याला नकाशा काढून दाखवला. तेव्हाची टीव्हीची लहर मनोऱ्यावरून निघायची आणि जवळपास सरळ रेषेत जायची. डोंगर आडवा आला, जमीन वळली, की संपली. म्हणून १९७३ साली सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र उभं केलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसायला लागले. आपण सिंहगडापासून दीडशे किलोमीटरहून लांब, बालाघाटाच्या रांगेत. भूम, खर्डा, पाथरूड, वाशी, या सगळ्या टापूत बांबूला कितीही उंच ॲंटेना बांधला असता तरी काचेवर मुंग्याच आल्या असत्या.

त्याला दुसरी गोष्ट सांगितली ती त्याला जास्त आवडली. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, वर्षभर, भारतातल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसत होता. अमेरिकेचा एटीएस-६ नावाचा उपग्रह त्यासाठी आपल्याकडं सरकवून आणला होता. गावोगावी जाळीच्या दहा फुटी छत्र्या बसवल्या होत्या. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, कर्नाटक होता, आणि कर्नाटकातले जिल्हे कोणते, तर गुलबर्गा, विजापूर, रायचूर. तेव्हाच्या आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात उमरग्याची हद्द ओलांडली की आळंद, म्हणजे गुलबर्गा. हद्दीपलीकडच्या खेड्यातलं पोर सकाळी शाळेत बसून उपग्रहावरून आलेला कार्यक्रम बघत होतं, आणि अलीकडच्या पोराला टीव्ही कसा असतो तेही ठाऊक नव्हतं. राज्याच्या हद्दीनं पोरापोरांत केवढं अंतर पाडलं!

नातू म्हणाला, ‘मग तुम्ही उमरग्याला का नाही गेला?’ उत्तर देता आलं नाही. गेलो असतो तरी कार्यक्रम कानडीत होते, हे सुचलं ते नंतर.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

गच्चीवर दूध आटवलं. आमचा टापू खव्याचा. दूध किती आटलं म्हणजे काढायचं यावर इथं प्रत्येकाचं मत असतं, त्यामुळं उशीर झाला. तेवढ्यात जमलेल्यांना विचारून घेतलं.

चाळिशीच्या आसपासचे एकदम ‘जंगल बुक’वर आले. १९९३ मध्ये लागायचं ते. रविवारी सकाळी गल्लीत कुत्रं दिसायचं नाही म्हणाले. त्यांच्याहून थोरल्यांनी ‘विक्रम और बेताल’ काढलं. एकानं ‘गोट्या’चं नाव घेतलं. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची ती मालिका, जॉय घाणेकर त्यात गोट्या झाला होता. ते नाव निघताच सगळ्यांचे चेहरे वेगळेच झाले, कारण ते आपल्या भाषेत होतं. ‘किलबिल’ मात्र कुणाकडं नाही. कसं असणार? आमच्याकडं टीव्ही खरा आला तो चौऱ्याऐंशीच्या पुढं. १९८४ मध्ये सरकारनं देशभर लहान प्रक्षेपकांचा धडाका लावला, काही महिने तर जवळपास रोज एक केंद्र सुरू होत होतं. पण त्या लहान प्रक्षेपकांवरून यायचे दिल्लीचे कार्यक्रम. म्हणजे ईटच्या पोरांनी पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हा तो त्यांच्याशी हिंदीत बोलला.

किराणा दुकानवाले दादा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. ते म्हणाले, ‘गुरुजी, आमाला काय कळत हुतं व्हय? पर बसायचं समदे. इंजानाची जाहिरात लागली तरी बगायचं.’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कार्यक्रम नाहीसा होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते आज सविस्तर लिहितो. आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षकांनाही हे माहीत नाही असं लक्षात आलं.

सुरुवातीच्या टीव्हीवर बरंच काही थेट व्हायचं. स्टुडिओत मुलं उभी राहिली, गायली, नाचली, गोष्ट सांगितली, ती त्याच क्षणी लोकांनी पाहिली आणि संपलं. नाटकाच्या प्रयोगासारखा तो मामला. ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रण झालं तरी ते चुंबकीय टेपवर. ही टेप परदेशातून यायची, फार महाग होती, आणि तिचा गुण असा की पुसून पुन्हा वापरता यायची. मग पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमासाठी मागच्या आठवड्याचा पुसायचा. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पुन्हा दाखवायची सोय नाही, घरी घेऊन बघायची सोय नाही, ठेवायला जागा नाही, मग ठेवायचं कशाला? असं तेव्हाच्या कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला वाटलं असतं.

हे आपल्याकडंच झालं असंही नाही. इंग्लंडात बीबीसीनं १९७८ पर्यंत आपल्या टेपा अशाच पुसल्या. १९६३ मध्ये सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ ही मुलांची लाडकी मालिका. तिचे ९७ भाग आज चित्ररूपात सापडत नाहीत. पण आवाज सगळ्या भागांचा आहे! का, तर तिथल्या काही मुलांनी टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर धरून घरच्या घरी आवाज भरून ठेवला होता. श्रीमंत संस्थेनं पुसलं आणि पोरांनी राखलं. मी हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आपल्याकडं सत्तरच्या दशकात कुठल्या मुलाच्या हातात टेपरेकॉर्डर होता?

फिल्मचं मात्र वेगळं. फिल्म पुसता येत नाही, आणि तिच्या प्रती निघतात. १९७४ मधली ‘एक अनेक और एकता’ ही चित्रपट्टी आजही पोरं मोबाइलवर बघतात. ती केली विजया मुळे यांनी, म्हणजे मराठी बाईनं. त्या उपग्रहाच्या प्रयोगासाठी मुलांच्या शैक्षणिक फिल्मा करून घेणाऱ्यांतही त्या होत्या. २०१९ मध्ये वारल्या. त्यांचं काम राहिलं याचं एक कारण ते उत्तम होतं हे खरंच, पण दुसरं कारण ते फिल्मवर होतं. उत्तम असूनही टेपवर असलेलं गेलं. हे मनाला लावून घ्यायला नको असं बायको म्हणते. मला ते लागतं.

आणि टेपांत आधी कोणत्या पुसल्या जात असतील? पंतप्रधानांचं भाषण ठेवायला हवं हे कुणालाही कळतं. नामवंत गवयाची मैफल ठेवावी असंही कुणीतरी म्हणतं. सहावीतल्या मुलींचा नाच ठेवा म्हणून कोण भांडणार? त्या मुलींना मत नाही, पद नाही, आणि चार वर्षांत त्या मुलीही राहत नाहीत, मोठ्या होतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. माळ्यावरच्या ट्रंकेत दादांचं रेडिओचं परवाना-पुस्तक मिळालं, पोस्टाच्या तिकिटांसकट. रेडिओ ऐकायलाही तेव्हा परवाना लागायचा. आमचं बालपण या रेडिओवरचं. पुणे केंद्राचं ‘बालोद्यान’ कधी खरखरत, कधी स्वच्छ लागायचं. पुस्तक वेगळं काढून ठेवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ताई बार्शीहून आली. ओवाळून झालं, जेवणं झाली, मग वही घेऊन तिच्यापुढं बसलो. ‘किलबिल’ पाहिलेलं आमच्या घरात एकच माणूस आहे, ती. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी, तिच्यामुळं.

दुष्काळात घरात खाणारी तोंडं कमी करायची म्हणून १९७३ च्या सुरुवातीला दादांनी तिला लालबागला आत्याकडं पाठवलं. आत्याचे यजमान गिरणीत होते. दीड खोलीत सात माणसं, त्यात ही आठवी. चार-पाच वर्षं राहून तिनं तिथंच मॅट्रिक केली. चाळीत टीव्ही एकाच्या घरी, गिरणीतल्या जॉबरच्या. लाकडी कपाटात बसवलेला, पुढं सरकती दारं, दारांना कुलूप. संध्याकाळी जॉबरीणबाई किल्ली फिरवायच्या तेव्हा दारात चपलांचा ढीग झालेला असायचा. काळंपांढरं चित्र. त्यावर कुणीतरी रंगीत प्लास्टिकचा कागद आणून लावला, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. मग बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची. हे सगळं ताई काल घडल्यासारखं सांगते.

मी विचारलं, ‘आणि कार्यक्रमात काय असायचं?’

ती थांबली. ‘अरे, मुलं असायची. माझ्याएवढी. गाणी म्हणायची, नाचायची, गोष्ट असायची.’

‘कुठली गोष्ट? एखादी सांग.’

‘ते नाही आठवत रे. पण पुढं बसायला मिळावं म्हणून मी जॉबरीणबाईंचे तांदूळ निवडून द्यायची, ते आठवतं.’

तासाभरात असंच होत राहिलं. कार्यक्रमाविषयी विचारावं आणि उत्तर खोलीविषयी यावं. कोण कुठं बसायचं, कुणाच्या बाळानं ऐन वेळी रडून गोंधळ घातला, मोठ्यांचा कार्यक्रम सुरू झाला की पोरांना मागं कसं सरकवायचे. चित्र कितीतरी दिवस डोळ्यांनी पाहिलं आणि राहिलं ते भोवतालचं. हे तिचं एकटीचं नसावं. ज्यांना ज्यांना मी विचारलं, त्यांनी मला दार, उंबरा, गर्दी आणि ॲंटेना फिरवणारा भाऊ यांच्याविषयीच सांगितलं.

एक बाहुली तिला आठवते, बोलणारी, मान हलवणारी. ती ‘किलबिल’मध्ये होती की लालबागच्या गणपतीत रात्री झालेल्या करमणुकीत, हे तिला सांगता येईना. अर्धवटराव नक्की पाहिला म्हणाली. रामदास पाध्ये त्या काळी दूरदर्शनवरही यायचे आणि रंगमंचावरही, त्यामुळं यातून काही सुटत नाही. तिसरा रकाना काढला: ‘मिसळलेलं’.

मग मीच तिला एक आठवण करून दिली, आणि इथं तिचा चेहरा फुलला.

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ती गावी यायची. आमच्या माजघराच्या दाराला ती गोधडी बांधायची, मध्ये चौकोन उघडा ठेवायची. आम्ही भावंडं आणि गल्लीतली पोरं ओसरीत बसायचो. चौकोनात आधी तिचं तोंड दिसायचं. हात जोडून, मुंबईच्या सुरात, ‘नमस्कार’. मग ‘किलबिल’ सुरू. ती स्वतःच गायची, स्वतःच गोष्ट सांगायची, आवाज बदलून तीन-तीन मुलं व्हायची. दादांच्या फाटक्या धोतराची बाहुली करून हातात घालायची. मध्येच काही विसरली की पाटी पुढं धरायची. पाटीवर खडूनं लिहिलेलं: ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. दूरदर्शनवर ती पाटी यायची, म्हणून आमच्याकडंही. आणि आम्ही खरंच गप्प बसून राहायचो, पाटी जाईपर्यंत. टीव्हीवर असंच असतं असं तिनं सांगितलं होतं.

ही होती ईटमध्ये दिसलेली ‘किलबिल’. टीव्ही गावात यायच्या आधी दहा वर्षं.

ताईला मी म्हटलं, ‘तू पहिल्या दिवशी “आहे-नाही” असं बोललीस तर पोरं हसली होती.’ ती म्हणाली, ‘हो, म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून मी सशाला आपल्यासारखं बोलायला लावलं. “मी न्हाई येत जा” म्हणणारा ससा मुंबईत कुठं होता?’ म्हणजे तिनं नुसती नक्कल केली नव्हती. जे पाहिलं त्यात आमच्या गल्लीला बसेल असं भरत गेली. कार्यक्रमातली कोणती गोष्ट तिची आणि कोणती दूरदर्शनची, हे वेगळं करणं आता तिलाही जमत नाही. मला तिन्ही रकान्यांत लिहावं लागलं.

झोपायच्या आधी तिनं एक सांगितलं ते तिच्याच शब्दांत: ‘आत्याकडं मला कुणी नावानं हाक मारायचं नाही रे. “ए गावाकडची” म्हणायचे. त्या कार्यक्रमात एक बाई आमच्याकडं बघून बोलायच्या. मला माहीत होतं की त्यांना मी दिसत नाही. तरी मी वेणी नीट करून बसायची.’

हे पाहिलेल्याच्या रकान्यात लिहिलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नातवंडांनी हट्ट धरला म्हणून ताईनं दाराला चादर बांधली. पासष्टीची बाई, गुडघे दुखतात, खाली बसवेना म्हणून स्टुलावर बसली. ससा आला, काऊ आला. धाकटी नात चौथीत आहे. तिनं मध्येच विचारलं, ‘आजी, हे पुढं ढकलता येत नाही का?’ ताईनं विचारलं, ‘का गं, आवडत नाही?’ ती म्हणाली, ‘आवडतंय. शेवट काय होतो ते आधी बघायचंय.’ ताईनं पाटी मागितली. घरात पाटी नव्हती. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून धरली, आणि मुलं, काय आश्चर्य, खरोखर गप्प बसली.

दुपारच्या एसटीनं ती गेली. चाळीतली तिची एक मैत्रीण डोंबिवलीला आहे, तिला फोन करून विचारीन म्हणाली.

२ नोव्हेंबर, रविवार

आता जे मी स्वतः पाहिलं त्याच्याविषयी.

‘किलबिल’ आम्हाला मिळाली नाही, पण ‘बालचित्रवाणी’ मिळाली. पुण्याला सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीजवळ, २७ जानेवारी १९८४ रोजी ही संस्था सुरू झाली. इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह आदल्या ऑगस्टात वर गेला होता. त्याच्यावरून शाळांसाठी कार्यक्रम दाखवायचे म्हणून सहा राज्यांत अशा संस्था काढल्या, आणि या वेळी सहांत महाराष्ट्र होता. प्राथमिक शाळेच्या पोरांसाठी मराठीत, अभ्यासाला धरून पण अभ्यासासारखे नसलेले कार्यक्रम. प्रयोग, गाणी, गोष्टी, हस्तकला, बाहुल्या. असे हजारो कार्यक्रम त्या संस्थेनं केले. सकाळी सुरुवातीची धून लागली की वर्गातलं शेवटच्या रांगेतलं पोरही पाठ ताठ करायचं.

मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिथं टीव्ही आला तो ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद राहायचा. कार्यक्रमाच्या वेळी तो उचलून वर्गात आणायचा, पाच-सहा मोठ्या मुलांचं ते मानाचं काम. चार वर्ग एका खोलीत कोंबायचे. खिडक्यांना गोणपाट लावायचं. आणि वीज. विजेनं फार दगा दिला. कितीदा तरी सगळी तयारी झाली, धून लागली, पहिलं चित्र आलं आणि पंखा थांबला. मग मीच उभा राहायचो आणि ‘आता पुढं काय झालं असेल?’ असं विचारायचो. पोरं सांगायची. प्रत्येकाचं वेगळं. त्यातले काही शेवट मला आजही आठवतात, आणि खरे कार्यक्रम कसे संपले ते पाहायला मिळालंच नाही.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढचे कित्येक दिवस तो टीव्ही पोरांचा राहिला नाही. गाव शाळेत येऊन बसायचं, आपल्याच जिल्ह्यातली सास्तूर-होळीची पडलेली घरं बघायचं. पुढं एकदा ‘बालचित्रवाणी’ लावली, तर एक पोरगी हुंदके द्यायला लागली. तिचा मामा तिकडं होता. टीव्ही लागला म्हणजे तेच दिसणार असं तिला वाटलं होतं.

आज पाथरूडला माझ्या जुन्या सहकाऱ्याकडं जाऊन आलो. निवृत्त झाले, पण कागद टाकत नाहीत. त्यांच्याकडं कार्यक्रम पाहिल्याची नोंदवही आहे: तारीख, वर्ग, पट, विषय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पानंच्या पानं ‘वीज नव्हती’. मध्ये एखादं ‘मुलांनी आवडीने पाहिला’. एका ठिकाणी त्यांनी लाल शाईनं लिहिलंय, ‘मुलांनी पुन्हा दाखवा म्हटले’. पुन्हा दाखवणं त्यांच्या हातात नव्हतं. तरी लिहून ठेवलं, पुण्याला कळावं म्हणून.

मी त्यांना म्हटलं, ‘सर, हे सोन्यापेक्षा मोलाचं आहे.’ ते म्हणाले, ‘वाळवी लागायलीय हो. न्या तुम्ही.’ घेऊन आलो. उन्हात घातली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

२०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. त्याआधी काही वर्षं केंद्राचा पैसा आटला होता. तेव्हा वर्तमानपत्रांत लेख आले, माणसं हळहळली. मीही कात्रणं काढली होती.

बंद झालेल्या संस्थेचं दुःख वेगळं आणि टेपांची काळजी वेगळी. चुंबकीय टेप कपाटात सुखरूप असली तरी जुनी होत जाते. दमट हवेत तिचा थर चिकटतो, बुरशी धरते. ती वाजवणारी यंत्रं आता कुणी बनवत नाही, दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले. म्हणून जपून ठेवणं एवढ्यानं भागत नाही, उतरवून घ्यावं लागतं, आणि उतरवलेलं लोकांपुढं यावं लागतं. ‘किलबिल’च्या वेळी ही साधनं नव्हती. आता आहेत. ज्या खिशातल्या फोनवर माझी नात परदेशी कार्टून हिंदीत बघते, त्याच फोनवर तिच्या आईनं शाळेत पाहिलेला मराठी कार्यक्रम दिसायला काही अशक्य नाही. तो पैसा जनतेचा होता, पोरं जनतेची होती.

शाळेतल्या मुलांना विचारलं, तुम्ही मराठीत काय बघता? बराच वेळ विचार करून एक जण म्हणाला, ‘बातम्या. आजोबा लावतात तवा.’

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. शाळेनं बोलावलं होतं. भाषण केलं नाही, ताईच्या सशाची गोष्ट सांगितली. सांगताना लक्षात आलं की शेवट मीही बदलतोय. मुलांनी त्यात बिबट्या आणला, कारण सध्या आमच्या भागात चर्चा बिबट्याचीच आहे. येऊ दिला.

घरी येऊन शिक्षण खात्याला आणि बालभारतीला पत्र लिहिलं. तीन गोष्टी मागितल्या: बालचित्रवाणीच्या सगळ्या कार्यक्रमांची यादी, विषय आणि वर्षासह, लोकांना बघता येईल अशी प्रसिद्ध करावी. ज्या टेपा शाबूत आहेत त्या उतरवून सर्व शाळांसाठी खुल्या कराव्यात. आणि ज्या शाळांकडं, शिक्षकांकडं जुन्या नोंदवह्या असतील त्या मागवून घ्याव्यात, कारण टेप गेली असली तरी कोणत्या दिवशी कोणत्या पोरांनी काय पाहिलं हे तिथं लिहिलेलं आहे. पाथरूडच्या सरांच्या वहीतल्या लाल शाईच्या पानाची झेरॉक्स जोडली. झेरॉक्समध्ये लाल रंग काळा आला, म्हणून बाजूला पेननं ‘मूळ नोंद लाल शाईत’ असं लिहिलं. दूरदर्शनसाठी वेगळं पत्र: ‘किलबिल’मध्ये भाग घेतलेली मुलं आज साठीच्या आसपास असतील, त्यांना आवाहन करून त्यांच्या आठवणी मुद्रित कराव्यात. कुणाकडं फोटो असतील, निमंत्रणाचं पत्र असेल, मानधनाची पावती असेल. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. डोंबिवलीच्या मैत्रिणीशी बोलणं झालं. ती म्हणते, बाहुली ‘किलबिल’मध्ये नव्हतीच, ती गणपतीतली. उलट तिला कोड्यांचा भाग आठवतो, जो ताईला मुळीच आठवत नाही, आणि जॉबरीणबाईंच्या टीव्हीवर रंगीत कागद कधी नव्हताच म्हणते. ताई चिडली होती. ‘कागद होता. मी स्वतः पुसायची तो.’

दोघींचं लिहून घेतलं, शेजारी शेजारी. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला मी फोन करणार आहे. कोडी कोण घालायचं आणि उत्तर कुठं पाठवायचं, हे विचारायचं आहे.